पाइपातलं पाणी

टेलिफोनची उरलेली वायर दाखवली
तर दस्तगीरभाई नुसते हसले.
"ही घरातली. हिला बाहेर काढू नका."
मी म्हटलं, पाइप आहे की!
सांध्यांना सोल्युशन, तोंडाला टोपी.

त्यांनी फाटकापासचा जुना पाइप उपसला,
तिरका धरला.
हरिपुरात, भर एप्रिलात,
पेलाभर पाणी माझ्या चपलेवर.

"पावसाचं नाही हे. रात्री गार पडलं
की आतल्या आत घाम धरतो.
पाइप कुदळीपासून वाचवतो, एवढंच."

मग गणपती पेठेतून आणली
काळी, जाड, पोटात जेली भरलेली,
मीटरमागे अठरा रुपये जास्त.
टोक सोलून बरबटलेली बोटं
त्यांनी माझ्याच भिंतीला पुसली.

बारा व्होल्टचा दिवा लागतो रोज.
ती खाली पाण्यातच नांदते.
भिंतीवर चार बोटं, तेलकट,
चुन्यालाही दाद देत नाहीत.