कातरलेला पेपर

खानापूरची गाडी पावणेनवाला येते.
कंडक्टर एकाच सुतळीत बांधलेले दोन पेपर
कट्ट्यावर टाकतो: एक आमचा, एक समोरच्या शाळेचा.
ज्याच्या हाती लागतील त्यानं सुतळी सोडायची,
गुंडाळून खिडकीच्या गजाला बांधायची.
त्या गजावर बडिगेर सरांचा आणि माझा
सारखाच हक्क.

पटांगण एक. झेंड्याचा खांब एक.
माईक एक, पंचायतीनं दिलेला,
दोनदा खोकल्याशिवाय सुरू न होणारा.
सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आधी मराठी बातम्या,
उरलेल्या दिवशी आधी कन्नड.
हा निवाडा कुठल्या आयोगानं दिलेला नाही,
दुधाच्या पातेल्याशी उभं राहून
आम्ही दोघांनीच केला.

बातम्या मुलं वाचतात.
माझं काम कात्रीचं.
खून कापतो. लॉटरी कापतो.
आणि वर्षातून दोनचार वेळा
पहिल्या पानावरचा, वर डावीकडचा तो चौकोन,
दिल्लीतली तारीख, तारखेनंतरची तारीख.
माझे वडीलही हाच चौकोन कापायचे,
पण ते जपून ठेवायला.
पत्र्याची पेटी भरली, गंजली,
कातरणं अजून आहेत.

पाचवीतली सान्वी हुंदरे
पेपर संपला तरी थांबत नाही:
"आता गावच्या बातम्या.
तळवारांच्या म्हशीला रेडकू झालंय,
नाव अजून ठरलेलं नाही.
पंपाचा स्टार्टर जळालाय, घागरी भरून ठेवा.
ओढ्याकडं गवा दिसला,
तिसरीच्या पोरांनी एकटं यायचं नाही,
गव्याला बघायला तर नाहीच नाही."

त्या गुरुवारी आधी सहना हिरेमठ उभी राहिली.
"इंदिन प्रमुख सुद्दिगळु…"
सान्वी शेजारीच, पेपर तोंडापुढं धरून.
मी कापलेल्या खिडकीतून
उन्हाचा एक चौकोन तिच्या नाकावर पडलेला.
खिडकीतून तिनं सहनाकडं पाहिलं,
आणि सहनाच्या पेपरातूनही
एक डोळा तिच्याकडं बघत होता.
वर, डावीकडं.
तेवढाच चौकोन.

बडिगेर सर बुटाची नाडी बांधू लागले.
मी झेंड्याची दोरी तपासली.

माईक चालूच होता.
सान्वीनं विचारलं, "निंदू कट् माड्यारेन?"
सहना म्हणाली, "व्हय गे, आमच्यात पण."
पंचायतीच्या छपरावरच्या कर्ण्यानं
दोन्ही वाक्यं साऱ्या गावाला ऐकवली.
पिठाच्या गिरणीपाशी कुणीतरी मोठ्यानं हसलं.

मग सान्वीची पाळी. तिनं सगळं नीट वाचलं,
शेवटी पान उलटलं आणि अडखळली.
क्षणभरच.
"हवामान. उद्या धुकं पडेल.
आमच्या घरावर, सहनाच्या घरावर,
आणि गव्यावर."

मधल्या सुट्टीत बडिगेर सर चहा घेऊन आले,
खिशातून घडी घातलेलं कातरण काढलं,
माझ्या कातरणाशेजारी बाकावर ठेवलं.
फोटो तोच. त्याखालचे शब्द
एकमेकांकडं पाठ करून बसलेले.
"मुलं विचारतात, काय होतं त्यात," ते म्हणाले.
"तुम्ही काय सांगितलंत?"
"तारीख."
"मीही."

माझं कातरण मी उलटून पाहिलं.
मागं हवामान होतं.
आकाश निरभ्र राहील, असं छापलेलं.

दुसऱ्या दिवशी खांबसुद्धा दिसेना.
खानापूरची गाडी आली नाही,
गजावरची सुतळी ओली, रिकामी.
मी म्हटलं, पेपर नाहीत, आज बातम्या नकोत.
माईक दोनदा खोकला.
धुक्यातून सान्वीचा आवाज आला,
"सर, असं कसं?
रेडकाचं नाव ठरलंय की."