नाव काय घालू?

सोसायटीच्या सचिवांनी ठरवून दिलंय:
घरटी तीनशे. त्यातच सगळे आले,
रात्रीचा चौकीदार, नळवाला, लिफ्टचा पोरगा
आणि कचरागाडीवरची ती.
‘वेगळं कोणी काही देऊ नये, सवयी बिघडतात.’
कोणाच्या, ते लिहिलेलं नाही.

माझे बाबा टेलिफोनचे लाइनमन.
धनतेरसच्या सकाळी दाढी करून,
खाकी शर्टाला इस्त्री मारून
सायकलनं रामदासपेठेत जायचे.
पोस्त हा शब्द आमच्या घरात नव्हता,
‘लाइनवर जाऊन येतो’ म्हणायचे.
त्या दिवशी एकही फोन बिघडलेला नसायचा,
तरी खांद्याला पिशवी, पिशवीत पक्कड.
पक्कड कशाला, मी एकदा विचारलं.
‘रिकाम्या हातानं कोणाच्या दारात उभं राहू नये.’

एका वर्षी मलाही दांड्यावर बसवून नेलं.
बंगल्याच्या फाटकाशी ते घंटी वाजवायचे
आणि दोन पावलं मागे सरायचे.
ती दोन पावलं मला अजून मोजता येतात.
कोणी पाच दिले, कोणी अकरा,
कोणी म्हणालं, साहेब आंघोळीला गेलेत, पाडव्याला या.
एका बाईंनी चिवडा दिला, स्टीलच्या वाटीत.
‘वाटी परत नको हं.’

घरी आईनं ती राखेनं घासली
तेव्हा तळाशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उजळली:
चि. मुकुंदच्या मुंजीनिमित्त, १२-५-७४.

त्या मुकुंदला आम्ही कधी पाहिलं नाही.
अठरा वर्षं त्याच्या वाटीत वरण खाल्लं.
खाताना नाव दिसायचं नाही, खाली असायचं,
घासताना मात्र बोटांना कळायचं.
धाकटा भाऊ तर सरळ म्हणायचा,
आई, मुकुंद दे.

यंदा इतवारीत गेले, भांडेओळीत.
बाहेर ऑक्टोबरचं ऊन, दुकानात अजून कूलर सुरू,
त्याच्या वाऱ्याला ओल्या वाळ्याचा वास.
पाच किलोचा डबा घेतला, जाड पत्र्याचा,
घट्ट झाकणाचा, तिच्यासाठी,
त्या तीनशेच्या वेगळा.
सवय बिघडावी म्हणूनच.

कोपऱ्यात एक पोरगा मशीनला सुई लावून बसलेला.
‘नाव काय घालू, आंटी?’

सात वर्षं ती रोज खालून शिट्टी मारते.
ओला वेगळा का नाही म्हणून मला रागावलीसुद्धा आहे.
माझं ऑपरेशन झालं तेव्हा
महिनाभर तीन जिने चढून बादली नेली.
मी तिला ‘अगं’ म्हणते.
ती मला ‘मॅडम’.
पोरगा थांबलेला, मशीन नुसतीच किर्र करत.
‘तुमचंच टाकू का? देणाऱ्याचंच टाकतात जास्त करून.’
राहू दे, म्हटलं. डबा तसाच बांध.

सकाळी जिना उतरून गाडीपाशी गेले.
‘तुझं नाव काय गं?’
‘काहून जी? तक्रार केली का कोणी?’
‘नाही गं बाई. डब्यावर घालायचंय.’
तिनं हातमोजा काढला, मनगटानं कपाळ पुसलं.
‘पंचफुला. पंचफुला उके.’
मग जराही न अवघडता,
भाजीचा भाव सांगावा तशी:
‘पण टाकू नोका, मॅडम.
नाव टाकलं का मंग
इकता येत नाही ना.’

डबा दिला, कोरा.
तिनं उलटा केला, तळ पाहिला,
उन्हाकडे धरून नीट पाहून घेतला,
ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवला
आणि समोरच्या बिल्डिंगकडे तोंड करून
शिट्टी फुंकली.