सातवा प्रयत्न

सोहार बंदर, रात्रपाळी. एसीचं पाणी
बादलीत ठिबकतंय.
पासवर्डांच्या तिजोरीने टोकन दिलं, वर तंबी:
हे पुन्हा दिसणार नाही, आत्ताच उतरवून घ्या.
घेतलं. डॅशबोर्डच्या चौकटीत चिकटवलं.
शेवटी एक मोकळी जागा जास्त पडली
म्हणून दोनदा नाकारलं गेलं,
तिसऱ्यांदा
नोंदी यायला लागल्या, मुंग्यांसारख्या.

कोण आलं, कुठून, किती वाजता.
आत काय ठेवलंय ते मला दिसत नाही, दिसूही नये.
माझ्याकडे फक्त
उंबऱ्याबाहेरच्या चपलांची मोजदाद.

हिरवं. हिरवं. क्रेनवरचा बलुशी, हिरवं.
घड्याळ ग्रीनिचचं होतं,
ते चार तास पुढे ओढलं, तेवढ्यात तांबडं:
आय. साखरकर, रत्नागिरी.
चुकीचा पासवर्ड. चुकीचा. चुकीचा.
सात वेळा.

इस्माईलचाचा. स्टोअरकीपर.
मार्चमध्ये व्हिसा संपला तेव्हा
सव्वीस वर्षांचा जुडगा टेबलावर ठेवून
माझ्याकडून पावती घेऊन गेले.
खातं मीच बंद केलं, त्याच दुपारी.
आणि पाचच्या वर प्रयत्न झाले की
कारण लिहायचं, हा नियमही माझाच,
आज संध्याकाळचा.

फोन लावला. इथे सव्वातीन, तिकडे पावणेपाच,
अजान व्हायची होती.
"काय नाय गो," म्हणाले,
"जाग आली. बघत होतो,
वळखतंय काय अजून."

कारणाच्या रकान्यात
कर्सर लुकलुकतो आहे.
बादली भरत आली.