पुलावरची सतरा सेकंदं

डंडीत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून
समोरच्या इमारतीचे पन्हाळे दिसतात, आणि एक सायकल
जिला चार वर्षांत कुणी हात लावलेला नाही.
टे नदी इथून अकरा मिनिटांवर. वारा असला तर चौदा.
म्हटलं, नदीच आणून ठेवू टेबलावर.

खालच्या मजल्यावरचा फर्गस म्हणाला होता, सोपं आहे,
एक प्रोग्राम उतरवायचा, व्हिडिओ त्यात ढकलायचा, झालं.
झालं म्हणेपर्यंत रात्रीचे साडेअकरा.
आधी नदी उभी राहिली, मग आडवी,
मग दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, दुखवट्याच्या पत्रासारख्या.
ताणू का, भरू का, मध्यभागी ठेवू का,
कॉम्प्युटर अदबीनं विचारत राहिला.
ताणलं तर गाडी लाटलेल्या कणकेसारखी लांबली.
भरलं तर कठड्याची कड गेली
जिच्यावर मी कोपर टेकलं होतं.
कड हवी होती मला. पट्ट्या राहू दिल्या.

व्हिडिओ सतरा सेकंदांचा.
चार डब्यांची गाडी डावीकडून पुलावर चढते.
जुन्या पुलाचे दगडी बुंधे पाण्यात अजून उभे आहेत,
दात पडून मुळं राहावीत तसे.
ते एकेक मागे टाकत गाडी मध्यापर्यंत जाते
आणि सतरावं सेकंद संपतं.
फटकन पुन्हा डावीकडे.
पलीकडचा काठ तिला अजून लागलेला नाही.

सुधन्वा त्या गाडीत आहे.

कुठल्या डब्यात, ठाऊक नाही. स्टेशनवर गेले नव्हते.
तीन आठवडे राहिला माझ्याकडे,
शेवटचे चार दिवस आम्ही फक्त मिठाविषयी बोललो:
कमी आहे का. आहे. दे इकडे.
आईचं शिलाईचं मशीन त्यानं न विचारता विकलं.
गंजलं होतं, म्हणाला.
तेल घातलं असतं मी, म्हटलं.
साडेसात हजार किलोमीटरवरून?
बरोबरच होतं त्याचं. म्हणून तर राग.

आवाजासाठी एक छोटा चौकोन असतो, खूण करायचा.
खूण होती तेव्हा वारा ऐकू आला, सीगल,
आणि नवव्या सेकंदाला मी:
गेला एकदाचा.
स्वच्छ, अगदी जवळून.
पुन्हा सीगल. पुन्हा गेला एकदाचा.
चहा गाळेपर्यंत सहा वेळा गेला.
खूण काढली.

आता सकाळी मासळीवाल्यांचे हिशेब उघडते,
आर्ब्रोथच्या गिलख्रिस्टांच्या पावत्या, व्हॅटचा तक्ता.
तक्ता पडदाभर पसरला की नदी आपोआप थांबते,
विजेची बचत म्हणून.
म्हणजे मागे, मला न दिसता,
गाडी पुलाच्या मधोमध उभी,
पाणी उभं, सीगल पंख पसरून टांगलेला,
आणि मी बाराशे चाळीस पौंडांची बेरीज करतेय
दोनदा, कारण पहिली जुळत नाही.
पेटीतला पंखा निवतो. खोली एकदम मोठी वाटते.
तक्ता मिटला की गाडी निघते,
मध्ये काही झालंच नाही अशी.

फर्गस डोकावून गेला. जोड दिसतोय, म्हणाला,
शेवट नि सुरुवात एकमेकांत विरघळवता येतात,
अर्ध्या सेकंदाचं काम.
करून बघितलं. पुलावर दोन गाड्या दिसायला लागल्या,
एक विझत चाललेली, एक उगवणारी.
एकीचंच निभत नाही इथे.
जोड परत आणला.

काल रात्री त्याचा निरोप आला.
मशीन नेलेल्या बाईंचा नंबर मिळालाय, पाठवू का?
पुढे काही नाही. मीठही नाही.
मी अजून उत्तर दिलेलं नाही.
फक्त कचरापेटीचं चित्र रुळांवर येत होतं,
ते उचललं
आणि खाली, कठड्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.