दगड

ट्रॅक्टर यांच्या नावावर आहे,
दगड माझ्या.

काळू नदीतला, एका अंगानं चपटा,
सीटमागच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी
पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला.
नऊ वर्षं झाली हँडब्रेकची दातरी झिजून.
ट्रॅक्टर थांबला की मी मडगार्डवरून उतरते,
उतार बघते, मोठ्या चाकाला दगड सारते
आणि ओरडते, "हां, सोडा."
मग कुठं यांचा पाय पायडलवरून निघतो.
टोकावड्यात पोरं हसतात,
आला बघा भास्करशेठचा ब्रेक!

ट्रॅक्टरला ब्रेक दोन.
डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा,
मध्ये बोटाएवढी लोखंडी खिटी.
खाचरात ती काढून ठेवायची,
म्हणजे एका चाकावर गिरकी घेता येते.
रस्त्याला लागलं की आठवणीनं लावायची.
सांगायला काय जातं.
तासाच्या भाड्यानं चार गावं चिखलणी करणाऱ्याला
जेवणाची आठवण राहत नाही,
आणि खिटीची राहील?
ट्रॉलीला तर ब्रेक नसतोच.
ट्रॉली नुसती मागून ढकलते.

त्या दिवशी विटा होत्या, बाराशे.
शिरोशीच्या अलीकडे उतार लागला
आणि यांनी गिअर काढला,
डिझेल वाचतं म्हणून.
मी काही बोलले नाही.
मलाही वाटायचं, वाचतं.

वळणावर पाय दाबला तो डाव्याच पायडलवर.
डावं चाक अडलं, उजवं पळतच राहिलं,
पुढचं तोंड गटाराकडे फिरलं,
मागून बाराशे विटा आडव्या यायला लागल्या.
हे ओरडले, "उडी मार!"

नऊ वर्षं मी उडी मारत आले,
ती दगडासाठी.
माझ्यासाठी मार, असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.
पण मी बसलेली उजव्या मडगार्डवर
आणि खाली माझ्या पायाशीच ते दुसरं पायडल,
रिकामं.
मी चपलेसकट त्याच्यावर उभी राहिले.

लगेच थांबला असं नाही.
किंचाळला, घसरला, करवंदीच्या जाळीत तोंड घातलं.
तेवीस विटा फुटल्या, मी मोजल्या.
हे कितीतरी वेळ स्टिअरिंग धरूनच बसले होते,
जसं काही अजून वळायचंय.

सरळगावच्या नाक्यावर गौस मिस्त्रीनं उजवा ड्रम उघडला.
आत लायनर म्हणून काही नव्हतंच,
फुटक्या सीलमधून आलेलं तेल
आणि तेलात मळलेली माती, थरावर थर.
त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं एकेक खरवडली.
"ही तांबडी टोकावड्याची.
ही चिकट, ही तळेगावची.
आणि ही वाळू?"
"नदीकाठची," मी म्हटलं, "बारकूबाबांचं खाचर."
त्याचे अठराशे अजून यायचे आहेत, हे मनात.
मिस्त्री म्हणाला, "सगळ्या गावाची शेती केलीत, भाऊ,
आणि चिखल घेऊन आलात घरी."
मागच्या वर्षी डुप्लिकेट लायनर कुणी घ्यायला लावले
ते कुणीच काढलं नाही.
मीच लावले होते.
साडेचारशे वाचले म्हणून कुकरची रिंग आणली होती.

संध्याकाळी हँडब्रेकची नवी दातरी बसली.
मिस्त्रीनं दगड हातात घेऊन तोलला,
म्हणाला, "वहिनी, हा इथंच राहू दे,
रोज कुणी ना कुणी येतं असं."
मी हो म्हटलं. पोत्याचा तुकडा मात्र घेतला.

परतताना किशोरच्या पेंढ्यासाठी थांबलो, चढावर.
यांनी हँडब्रेक ओढला,
दातांवरून कट् कट् कट् आवाज गेला.
तोवर मी खाली,
मोठ्या चाकाच्या मागे, वाकलेली,
हात रिकामे.

"सोडा," मी म्हटलं.

यांनी वळून बघितलं,
पाय काही काढला नाही.
मी आणखी एकदा म्हटलं.
मग हळूच, आधी टाच, मग चवडा.
ट्रॅक्टर हलला नाही.
तरी मी तिथून लगेच उठले नाही.