इंजिन चालू

तिसऱ्या क्वार्टरलाच वर्लिनने बस
फाटकाकडे तोंड करून लावली, हीटर सुरू केला.
एकवीस गुणांनी मागे;
हरलेल्या पोरांना निदान ऊब तरी मिळावी.

रेडिओवरचा निवेदक
आमच्या टेकोवाला सारखा टाकोवा म्हणत होता.

मग भिंतीपलीकडून शांतता आली,
साठ हजारांची, अलाबामाची,
आणि तिच्या एका कोपऱ्यात
आमचे चारशे, बेंबीच्या देठापासून.
टेकोवा, निवेदक म्हणाला. टेकोवा.

पोरं तासाभराने उगवली.
किकर ओडेलच्या एकाच पायात बूट,
दुसरा कुणीतरी पळवलेला.
"निघायचं?"

वर्लिनने इंजिन बंद केलं.
बसा जरा, म्हणाला,
नऊशे मैल कुठे पळून जात नाहीत.