पाटीवरची जागा

बोरगव्हाणच्या पंचायतीला बारवेपाशी पाटी लावायची आहे.
एकच ओळ हवी : कुणी बांधली, कधी.
पेंटर नागनाथ डबा उघडून बसलाय,
"सर, सांगा लवकर, कलर वाळायलाय."

पिशवीतून कागद काढतो.
पहिला, तुळाजीराव देशमुखांनी दिलेला,
मोडीत, बोरूनं, शके सतराशे नव्याण्णव.
दुष्काळात पूर्वजांनी बारव बांधली,
रयतेनं आनंदानं श्रमदान केलं.
श्रमदान.
या शब्दाशी मी तीन दिवस अडून आहे.
तेव्हा हा शब्द होता कुणाच्या तोंडी?
कागद उन्हात धरला. डाग काळाचे नाहीत, चहाचे.
मलाही त्यांनी चहा पाजला होता,
आलं ठेचून घातलेला, चांगला.

दुसरी, तहसिलीतली नोंद, फसली बाराशे सत्त्याऐंशी.
मुख्तार अत्तारांनी बोट ठेवून वाचली :
बावली, मरम्मत, मजूर बावीस.
"मरम्मत," ते पुन्हा म्हणाले, "तामीर नाही."
म्हणजे बारव आधीच होती.
मग चष्मा पुसून त्यांनीच दाखवलं,
अकरा महिन्यांच्या नोंदी एका शाईच्या, एका बैठकीतल्या.
मजुरीचा रकाना वरपासून खालपर्यंत सारखा.
"माझा पणजा याच कचेरीत होता.
अक्षर त्याचं नसावं."
नसावं म्हणेपर्यंत
बोट पुढच्या ओळीवर सरकलं होतं.

दगडालाच विचारू म्हणून खाली उतरलो.
सतराव्या पायरीला एक कोरीव ओळ, उलटी.
मान मोडेस्तोवर वाकून वाचली :
कुठल्याशा देवळाच्या दिव्याला दिलेलं तेल.
ते देऊळ गावात नाही, शिवारात नाही.
दगड खोटं बोलत नाही म्हणतात.
पण त्याला उचलून आणता येतं.

काठावरून यल्लव्वा धोत्रे ओरडली,
"माझ्या पणज्यानं पाचशे दगडं बसवली हितं!"
मी नव्या टाकीचे मोजले. एकशे चाळीस.
वहीत लिहिलं : म्हातारीनं कदाचित खेपा मोजल्या असतील.
आणि पेन थांबलं.
तुळाजीरावांना मी असा एकही कदाचित दिला नव्हता.
माझा आजोबा पाथरवट.
छन्नीच्या आवाजात झोप लागायची मला.
ही साक्ष कुणी तपासायची?

खोडलं. लिहिलं :
पाचशे, सांगणारीचं म्हणणं.
एकशे चाळीस, मोजणाऱ्याचं.
पाण्याखालचे धरलेले नाहीत.

"सर?"
"लिही. बारव. सरकारी नोंदीप्रमाणे दुरुस्ती,
फसली बाराशे सत्त्याऐंशी."
"एवढं मावायचं न्हाई."
तरी लिहितो, बारीक अक्षरात.
वेलांटी काय सुरेख वळवतो.
"अन् बांधणारा?"
"मोकळं सोड."
तो ब्रश झटकतो, पत्र्यावर वीत ठेवतो,
मग माझ्याकडे बघतो.
"सोडतो की. पण किती अक्षरांची सोडू?"